बोगद्यात शून्य माणसं

सुरक्षा अहवालाची पानं चौदा हजारांच्या वर गेली, त्या दिवशी कालिंदी नारखेडेनं संगणकाकडे पाठ फिरवली आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर मे महिना होता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी प्रोटॉन पळवणाऱ्या त्वरक केंद्राच्या पांढऱ्या इमारती उन्हात इतक्या चकाकत होत्या की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"आता काय झालं, मॅडम?" युनूस तांबोळीनं दारातूनच विचारलं. युनूस नियंत्रण कक्षाचा पाळीप्रमुख. चहाच्या वेळेला तो न चुकता तिच्या खोलीत डोकावायचा.

"मी सारांश मागितला होता. म्हटलं, चाळीस पानांत सांग. सुसंगतीनं चाळीस पानं दिली. मग ती चाळीस पानं अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडली. नवं परिशिष्ट आलं म्हणून नियामक मंडळाच्या यंत्रणेनं त्यावर शंका काढल्या. सुसंगतीनं त्यांचे खुलासे केले. थोडक्यात काय, सारांशामुळे अहवाल नऊशे पानांनी वाढला."

युनूस हसला. "तुम्ही काही मागूच नका. मागितलं की ते वाढतं."

सुसंगती हे केंद्राची कागदपत्रं लिहिणाऱ्या यंत्रणेचं नाव. पूर्वी अशा प्रकल्पाचा सुरक्षा अहवाल लिहायला वीस-पंचवीस माणसं वर्षानुवर्षं राबायची. एक जण भिंतीची जाडी बदलायचा आणि दुसऱ्याला ते कळायचंच नाही. मग एका प्रकरणात भिंत दोन मीटरची आणि दुसऱ्यात अडीच. सुसंगतीनं तो घोळ संपवला. एका जागी आकडा बदलला की तो सगळीकडे बदलायचा. कुठलीही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात जाऊ लागली की यंत्रणा ताबडतोब लाल व्हायची. नियामक मंडळानंही तशीच एक यंत्रणा घेतली होती, पडताळणी नावाची. सुसंगती लिहायची, पडताळणी शंका काढायची, सुसंगती खुलासा करायची. शंका जितकी बारीक, तितका खुलासा लांब. दोन्हीकडच्या माणसांनी हळूहळू वाचणं सोडून दिलं. कालिंदीच्या दारावर अजून 'सुरक्षा अधिकारी, दस्तऐवज' अशी पाटी होती. पण गेल्या दोन वर्षांत तिचं स्वतःचं एक वाक्य त्या अहवालात जसंच्या तसं राहिलं नव्हतं.

राहिली होती फक्त सही. कायद्यानं ती माणसाचीच लागत होती. 'हा अहवाल मी वाचला आहे, मला तो समजला आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे,' या तीन वाक्यांखाली.

ती सही मागायला सुधन्वा स्वतः आला. डॉ. सुधन्वा पाटणकर, केंद्राचा संचालक आणि पुण्यात एम.एस्सी.ला असल्यापासूनचा कालिंदीचा मित्र. एकेकाळी दोघांनी एकाच प्रयोगाच्या चुकलेल्या आलेखावरून एकत्र बोलणी खाल्ली होती.

"सोमवारी मंडळाकडे जायला हवं," तो खुर्ची ओढत म्हणाला. "सगळं हिरवं आहे. पडताळणीची एकही शंका शिल्लक नाही."

"मी वाचलेलं नाही, सुधन्वा."

"कोणी वाचलंय? मी नाही वाचलं. मंडळात कोणी वाचलेलं नाही. दोन यंत्रांनी ते एकमेकांना वाचून दाखवलं, तेवढं पुरे."

"मग सहीही त्यांचीच घे."

"कालिंदी, कायदा जुना आहे. माणूस लागतो."

"चुकलं तर धरायला माणूस लागतो, असं म्हण."

तो टेबलावरचा कागददाब इकडून तिकडे सरकवत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अरुंधतीचा नवा स्कॅन आलाय. यकृतात आणखी दोन ठिकाणी दिसतंय."

कालिंदीनं डोळे मिटून घेतले. अरुंधती त्याची बायको, आणि खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत सुधन्वापेक्षा कालिंदीची जास्त मैत्रीण. स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ जातीच्या गाठीचा कर्करोग तिला झाला होता, आणि त्यावरचं औषध याच केंद्रात, याच बोगद्यात तयार व्हायचं होतं.

त्या औषधाचा गाभा म्हणजे ॲक्टिनियम नावाचं मूलद्रव्य. ते कर्करोगाच्या पेशी ओळखणाऱ्या एका रेणूला चिकटवून रक्तात सोडायचं. रेणू पेशीला जाऊन बिलगतो, आणि ॲक्टिनियम तिथं फुटतं. त्यातून निघणारे कण जेमतेम चार-पाच पेशींच्या अंतरापर्यंत पोचतात. रोगट पेशी मरते, शेजारच्या निरोगी पेशी बहुतेक वाचतात. हे ॲक्टिनियम सहज मिळत नाही. प्रोटॉनचा झोत विजेच्या जोरावर पळवत न्यायचा, चुंबकांनी वळवायचा आणि रेडियमच्या चकतीवर आदळवायचा, तेव्हा कुठे ते चिमूटभर बनतं. आणि दहा दिवसांत त्यातलं निम्मं नाहीसं होतं. म्हणजे साठा करून ठेवता येत नाही. रोज दूध काढावं तसं ताजं काढत राहावं लागतं. परदेशातून येणारा पुरवठा वर्षभरापासून आटला होता. देशभरातल्या रुग्णालयांची नजर या केंद्राकडे होती.

"जूनमध्ये पहिली खेप निघाली तर अरुंधतीचं नाव त्यात आहे," सुधन्वा म्हणाला.

"हे तू मला सहीच्या कागदाबरोबर सांगतोयस."

"मग केव्हा सांगू?" तो चिडून उठला. "तूच सांग, केव्हा सांगू?"

तो गेल्यावर कालिंदीनं ठरवलं, चौदा हजार पानं वाचणं शक्य नाही, तर निदान एक प्रश्न तरी नीट विचारू. तिनं सुसंगतीला विचारलं : 'मी बोगद्यात आहे आणि वर कोणीतरी झोत सुरू करत आहे. मी काय करावं?'

उत्तर लगेच आलं. 'अशी परिस्थिती उद्भवू शकत नाही.' खाली एकवीस संदर्भ. तिनं पुन्हा विचारलं : 'उद्भवली असं धर.' उत्तर आलं : 'आपला प्रश्न अहवालाशी विसंगत आहे. प्रश्नात दुरुस्ती करावी काय?'

"तुझ्या आता..." कालिंदीच्या तोंडून निघालं. तिनं फोन उचलला. "युनूस, मी बोगद्यात उतरतेय. तू तिकडे पडद्यासमोर बस. मला कोणी प्रश्न दुरुस्त करायला सांगण्याआधी मी तो जागेवर जाऊन विचारून येते."

झोत चालू असताना बोगद्यात माणूस असणं म्हणजे मरण. चुंबकाच्या वळणावर थोडे प्रोटॉन वाट सोडून भिंतीवर आपटतात. तिथे उभा असलेला माणूस काही सेकंदांतच इतका किरणोत्सर्ग घेतो की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. आणि त्याला त्या क्षणी कळतही नाही, कारण किरणांना ना वास असतो ना चटका. म्हणून जगातल्या प्रत्येक त्वरकात पहिला नियम एकच : आत कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय झोत सोडायचा नाही.

ती खात्री आता कॅमेरे करत होते. साध्या कॅमेऱ्याच्या चिपा किरणोत्सर्गानं पटापट खराब होत, म्हणून भक्कम कवचातले थर्मल कॅमेरे बसवले होते. त्यांना उजेड लागत नाही. ते उष्णता बघतात. थंड भिंतीसमोरून माणूस गेला की तो दिव्यासारखा उजळून दिसतो. कॅमेरे माणसं मोजत आणि आकडा शून्य झाला की झोताचं कुलूप आपोआप उघडे.

कालिंदी जिना उतरून आत गेली तशी तिला धापच लागली. आदल्याच दिवशी चुंबकांची चाचणी झाली होती. त्यांची धग अजून काँक्रीटमध्ये मुरलेली होती आणि वरून मे महिना. ओढणीनं मान पुसत ती वळणापर्यंत चालत गेली. तिथे थांबून तिनं भिंतीवरच्या फोनवरून युनूसला हाक दिली.

"पोचले. तिसऱ्या वळणाशी आहे. दिसतेय ना?"

पलीकडून नुसते कळफलकाचे आवाज आले.

"युनूस?"

"मॅडम, तुम्ही नक्की आतच आहात ना?" युनूसचा आवाज बदलला होता. "इथे शून्य दाखवतंय."

"असं कसं? मी कॅमेऱ्याच्या खाली उभी आहे." तिनं हात हलवले. उड्या मारल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई रिकाम्या बोगद्यात उड्या मारतेय हे तिच्या मनात येऊन गेलं, पण हसू आलं नाही.

"काही दिसत नाही, मॅडम. सगळं एकाच रंगाचं आहे. भिंत, चुंबक, सगळं."

तेव्हा तिला कळलं. ती भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत राहिली. बोगद्यातली हवा, भिंत आणि तिची स्वतःची कातडी, सगळं जवळपास एकाच तापमानावर आलं होतं. उष्णता बघणाऱ्या डोळ्याला त्यांच्यात फरक करायला काही उरलंच नव्हतं.

पिशवीत कँटीनच्या फ्रिजमधली पाण्याची बाटली होती. तिनं झाकण काढलं आणि अख्खी बाटली डोक्यावर ओतली.

"आलात!" युनूस फोनमध्ये ओरडला. "आलात, मॅडम! एक माणूस! निळा निळा दिसतोय!"

ती तशीच निथळत उभी राहिली. केसांतून पाणी पाठीवर उतरलं, कोमट झालं. चिकट गरम हवेत अंग पुन्हा तापलं.

"गेलात," युनूस हळूच म्हणाला. "पुन्हा शून्य. बाहेर या बघू तुम्ही. आत्ताच्या आत्ता या."

वर आल्यावर तिनं अहवालात शोधलं, आणि आता नेमकं काय शोधायचं ते माहीत असल्यामुळे पाच मिनिटांत सापडलं. कॅमेऱ्यांच्या प्रकरणात लिहिलं होतं : यंत्र चालू असताना बोगद्याचं तापमान पंचवीस अंश राखलं जातं, त्या तापमानाला कॅमेरे अचूक आहेत. ते खरं होतं. वीजबचतीच्या प्रकरणात लिहिलं होतं : यंत्र बंद असताना शीतकरण बंद ठेवावं. तेही खरं होतं. दोन वाक्यांमध्ये विरोध काहीच नव्हता. एक चालू यंत्राबद्दल होतं, दुसरं बंद यंत्राबद्दल. फक्त माणसं आत जातात ती यंत्र बंद असताना, आणि हे कोणत्याही वाक्याच्या विरोधात जात नव्हतं, म्हणून कोणतंही यंत्र लाल झालं नव्हतं.

सुधन्वानं सगळं ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो बराच वेळ तिच्या ओल्या खांद्यांकडे बघत राहिला. पण तो संचालक होता, आणि हुशार होता. त्यानं लगेच सुसंगतीला परिस्थिती सांगितली. जेवणाची सुट्टी संपायच्या आत उत्तर तयार होतं : तपासणीच्या दोन तास आधी शीतकरण सुरू करावं. अहवालात चारशे पानं बदलली. पडताळणीनं ती मान्य केली. पडद्यावर ओळ आली : 'आपण निदर्शनास आणलेली बाब समाविष्ट केली आहे. अहवाल पुन्हा सुसंगत आहे.'

"झालं," सुधन्वा म्हणाला. "तू फार मोठी चूक पकडलीस. हे मी सगळ्यांसमोर सांगेन. आता सही कर."

"सुधन्वा, सकाळीही तो सुसंगतच होता!"

"सकाळी चूक होती, आता नाही."

"या कॅमेऱ्याला आणखी काय काय दिसत नाही ते तुला ठाऊक आहे? मला नाही. मला आज एक गोष्ट कळली, तीही उकाड्यामुळे. मला चाव्या परत हव्यात. आणि बोगद्यातून चालत जाणारी दोन माणसं हवीत."

चाव्या सुधन्वानं काढल्या होत्या. पूर्वी आत जाणाऱ्या प्रत्येकानं नियंत्रण कक्षाच्या दारावरच्या फळीतून आपली चावी काढून खिशात ठेवायची, बाहेर आल्यावर परत लावायची. एक जरी चावी फळीवर नसली तरी झोत सुरूच होत नसे. मग एक जण खिशात चावी घेऊन जळगावला लग्नाला गेला आणि अख्खं केंद्र दिवसभर त्याची वाट बघत बसलं. त्यानंतर कॅमेरे आले. त्यांचं उद्घाटन झालं, देशभरातून माणसं बघायला आली. माणसाविना तपासणी करणारा पहिला त्वरक, म्हणून सुधन्वाचं नाव झालं.

"पद्धत बदलायची म्हणजे नवी परवानगी," तो शब्द मोजत म्हणाला. "ती यंत्र देत नाही. त्याला माणसांची समिती बसते. दिवाळीनंतर बसेल. तोपर्यंत..."

"बोल ना पुढे. तोपर्यंत अरुंधती असेल की नाही, असंच ना? हे ओझं तू माझ्या डोक्यावर ठेवतोयस."

"मी नाही ठेवलं," सुधन्वा म्हणाला. "ते आहेच."

रविवारी कालिंदी धुळ्याला गेली. देवपुरातल्या घराचं दार अरुंधतीनंच उघडलं. गाऊनवर शाल, डोक्याला सुती रुमाल, आणि हातात कुठल्यातरी पक्षकाराची फाईल. धुळ्याच्या कोर्टात तिनं तीस वर्षं वकिली केली होती आणि अजून सोडली नव्हती.

"सुधन्वा बाजारात गेलाय. बरं झालं," ती सोफ्यावर टेकत म्हणाली. "तुमचं काय चाललंय ते मला त्याच्याकडून कळलं. म्हणजे त्यानं सांगितलं नाही; तो भांडी आपटतो त्यावरून मी काढून घेतलं. आता तू सांग."

कालिंदीनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला.

"अरुंधती, मी सही केली आणि आत कोणी मेलं तर... आणि नाही केली तर तू..."

"पुरे!" अरुंधतीनं फाईल बाजूला टाकली. "तुम्हा दोघांचा मला वीट आलाय. तो माझं नाव घेऊन तुला ढकलतो, तू माझं नाव घेऊन रडतेस. मला कोणी विचारलं? माझ्या औषधासाठी कोणा पोराचा जीव गेला तर ते औषध माझ्या अंगी लागेल? आणि मला मरायचीही अजिबात हौस नाही, हेही लिहून घे. मला दोन्ही हवंय. त्यामुळे डोळे पूस आणि नीट उत्तर दे. तुमचे कॅमेरे बिघडले तर काय करायचं, हे त्या चौदा हजार पानांत आहे की नाही?"

"असेल. असतंच. प्रत्येक यंत्रासाठी बिघाडाचा विभाग असतो."

"त्यात काय लिहिलंय?"

कालिंदीनं फोनवर शोधलं. वाचता वाचता ती सरळ होऊन बसली. कॅमेरे निकामी झाल्यास, ते दुरुस्त होईपर्यंत, चाव्यांची जुनी पद्धत वापरावी. दोन व्यक्तींनी बोगद्यातून पायी तपासणी करावी. त्यांतली एक व्यवस्थापनातली असावी. सुसंगतीनं तो भाग कोणत्या तरी जुन्या अहवालातून उचलला होता. मंजूरही झाला होता.

"आणि कॅमेरे निकामी झाले हे ठरवायचं कोणी?" अरुंधतीनं विचारलं.

"सुरक्षा अधिकाऱ्यानं."

"म्हणजे तू." अरुंधती मागे रेलली. तेवढ्या बोलण्यानंही ती दमली होती. "नवी परवानगी कशाला हवी? माणूस समोर उभा असून दिसत नाही, त्या कॅमेऱ्याला निकामी नाही तर काय म्हणायचं? उद्या जाहीर कर. दुरुस्त कधी होणार विचारलं तर सांग, बघतोय. तारखा कशा घ्यायच्या ते मी शिकवते तुला."

मग जरा थांबून ती म्हणाली, "यात माझा स्वार्थ आहे, हे मला कळतंय. पण स्वार्थ आहे म्हणून मुद्दा खोटा होत नाही."

सोमवारी कालिंदीनं सगळे कॅमेरे निकामी झाल्याचं जाहीर केलं आणि त्या नोंदीसह अहवालावर सही केली. 'वाचला आहे' हे शब्द खोडून तिनं हातानं लिहिलं : 'जेवढा वाचला आहे तेवढ्यापुरतं.' सुसंगती लाल झाली, पण बिघाडाचा विभाग आधीच मंजूर असल्यामुळे परवानगी अडली नाही. पडताळणीनं विचारलं, कॅमेरे दुरुस्त कधी होतील? कालिंदीनं उत्तर दिलं, काम चालू आहे. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला, तिनं तेच उत्तर दिलं.

सुधन्वानं तिच्याशी बोलणं टाकलं. त्याचा नावाजलेला प्रयोग तिनं एका सहीनं भंगारात काढला होता, तोही त्याच्या बायकोच्या सल्ल्यानं. बैठकीत तो 'सुरक्षा अधिकारी म्हणतात' असं म्हणायचा, तिचं नाव घ्यायचा नाही. कालिंदीनं मात्र त्या दिवसांत एक छोटी पुस्तिका लिहिली, स्वतःच्या हातानं, खिशात मावेल एवढी. आत जाताना काय करायचं, बाहेर येताना काय, भोंगा वाजला तर कुठे पळायचं. सुसंगतीला तिनं ती दाखवलीसुद्धा नाही.

जूनच्या मध्याला पहिली खेप काढायचा दिवस ठरला. शीतकरण पहाटेपासून सुरू होतं; बोगदा गार झाला होता. नियंत्रण कक्षात सगळे जमले. कॅमेरे निकामी ठरवले असले तरी त्यांचा पडदा चालू होता, आणि त्यावर स्वच्छ शून्य दिसत होतं. बाहेर येण्याची घोषणा दोनदा झाली होती.

"एक चावी नाही," युनूस फळीकडे बघत म्हणाला.

"कोणाची?"

"रेवती गिरासेची." रेवती झोताच्या नळीतली हवा उपसणाऱ्या निर्वात विभागातली तरुण अभियंता. तिचा फोन लागत नव्हता. कोणी म्हणालं, ती सकाळीच नाश्त्याला गेली. कोणी म्हणालं, तिची बस चुकते म्हणून घाईत असते, चावी घेऊन घरी गेली असेल.

सुधन्वानं कपाळावर हात मारला. "हेच! याचसाठी मी त्या चाव्या काढल्या होत्या." तो कित्येक दिवसांनी थेट कालिंदीशी बोलला. "मुंबईहून औषधाची गाडी येऊन उभी आहे. आत गार आहे, कॅमेरे उत्तम चालताहेत, पडद्यावर शून्य आहे. तिच्या चावीची जागा दुसऱ्या चावीनं भर आणि सुरू कर."

"आधी चालत जाऊन येऊ."

"कालिंदी, शून्य आहे!"

"व्यवस्थापनातलं माणूस लागतं बरोबर. तू येतोस की दुसऱ्या कोणाला पाठवतोस?"

तो तणतणत तिच्याबरोबर उतरला. पंपांचा आवाज इतका होता की बोलायची सोय नव्हती, आणि दोघांनाही तेच बरं वाटलं. ती प्रत्येक चुंबकामागे वाकून बघत होती. तो हात मागे बांधून, कंटाळून चालत होता. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणाच्या पुढे, एका चुंबकाच्या लोखंडी चौथऱ्याखालून, दोन बूट बाहेर आलेले होते.

सुधन्वा जागीच थांबला.

कालिंदीनं वाकून बुटाला हात लावला. बूट दचकला. चौथऱ्याखालून कोणीतरी सरपटत बाहेर आलं. कानांवर मोठे आवाजरोधक, हातात पाना, गालाला ग्रीस. रेवती. वर दीड टन लोखंड आणि बाजूंना शिशाच्या विटा. कोणत्याही कॅमेऱ्याला, गार बोगद्यातसुद्धा, ती दिसणं शक्य नव्हतं.

तिनं कानावरचं एक कवच सरकवलं आणि वैतागून म्हणाली, "दोन मिनिटं थांबा ना, मॅडम. शेवटचा बोल्ट राहिलाय." मग तिला मागे उभे असलेले संचालक दिसले. "सॉरी सर. वेळ झाली का? मला काही ऐकूच आलं नाही."

सुधन्वा भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, कोऱ्या चेहऱ्यानं, तिच्या हातातल्या पान्याकडे बघत. रेवतीनं गोंधळून कालिंदीकडे पाहिलं.

"बोल्ट घट्ट कर," कालिंदी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा निघाला. "आम्ही थांबतो."

खेप दुपारनंतर निघाली. अरुंधतीला पहिला डोस जूनअखेरीस मिळाला, दुसरा ऑगस्टमध्ये. गणपतीच्या सुमारास तिची पाठदुखी कमी झाली, आणि पुढच्या स्कॅनमध्ये यकृतातले डाग लहान झालेले दिसले. डॉक्टर कसलीही हमी द्यायला तयार नव्हते. अरुंधतीनं कोर्टातल्या दोन पुढच्या तारखा घेतल्या. पडताळणी अजून रोज विचारत होती, कॅमेरे दुरुस्त कधी होतील.

सुधन्वानं माफी वगैरे मागितली नाही. तो त्याचा स्वभावच नव्हता. पण प्रत्येक खेपेला पायी तपासणीसाठी व्यवस्थापनातला माणूस म्हणून तो स्वतःच यायला लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो बोगद्याच्या दाराशी पायरीवर बसला आणि त्यानं कालिंदीची पुस्तिका खिशातून काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वर युनूस ताटकळत होता. कालिंदीनं दोनदा घड्याळ बघितलं. तो वाचतच राहिला, पानं बोटानं दाबून धरत, एखादा विद्यार्थी परीक्षेआधी वाचतो तसं.

शेवटी तो म्हणाला, "इथे लिहिलंयस, 'प्रत्येक वळणावर हाक द्या.' हाक म्हणजे काय म्हणायचं?"

"काहीही. 'कोणी आहे का?' असं."

"त्याला कोणी ओ देत नाही. आपल्यालाच विचारलंय असं वाटत नाही कोणाला." त्यानं खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीखाली लिहिलं. मग पुस्तिका तिच्या हातात दिली. 'नाव घेऊन,' असं लिहिलं होतं. 'सकाळपासून आत गेलेल्या प्रत्येकाचं.'

तो उठला, पँट झटकली आणि आत शिरला. कालिंदी त्याच्यामागून चालू लागली. पंपांच्या घरघरीवर त्याचा आवाज चढला, बेसूर, मोठा, भिंतीवरून परत येणारा.

"रेवती! गिरिधर! शकील! मानसी! बाहेर या रे!"